जिन्यातला दिवा नव्वद मिनिटं टिकतो का?

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला लाइट जाण्याचं नवल नाही. पावसाची पहिली जोरदार सर आली की गेली. डीपीवर फट्‌ आवाज झाला की गेली. महावितरणचा देखभालीचा मेसेज आला की सकाळपासूनच गेली. घरोघरी इन्व्हर्टर आहेत, खिशात मोबाइलची टॉर्च आहे, आणि आपल्याच जिन्याच्या पायऱ्या पायांना पाठ आहेत. त्यामुळे अंधाराची कुणाला फारशी भीती उरलेली नाही. मला काळजी वाटते ती याचीच. लाइट गेली म्हणून दूध आणायला जिना उतरणं वेगळं. धूर भरलाय, वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येतोय, मागून माणसं ढकलतायत आणि कडेवर मूल किंवा हाताशी आजी आहे, अशा वेळी तोच जिना उतरणं वेगळं.

त्या वेळेसाठी जिन्यात, पॅसेजमध्ये आणि बाहेरच्या दारावर बॅटरीवर चालणारे इमर्जन्सी लाइट लावलेले असतात. नव्या टॉवरमध्ये ते बिल्डरने लावून दिले, जुन्या इमारतीत फायर ऑडिटवाल्याने सांगितलं म्हणून कमिटीने लावले. लावले त्या दिवशी कुणीतरी बटण दाबून पाहिलं, फोटो काढला, बिल पास झालं. पुढे पालीने तिथे घर केलं तरी कुणाची नजर वर गेली नाही.

गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या आगींच्या वेळा बघा. मुंबईतली कमला मिल, २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्रीनंतर. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातला नवजात बालकांचा कक्ष, ९ जानेवारी २०२१, पुन्हा मध्यरात्र उलटल्यावर. विरारचं विजय वल्लभ रुग्णालय, २३ एप्रिल २०२१, पहाटे तीनच्या सुमारास. गोरेगावची जय भवानी इमारत, ६ ऑक्टोबर २०२३, तीही पहाटे तीनच्या सुमारास. तळमजल्यावर पार्किंगमध्ये आग आणि वरच्या मजल्यांवर धूर. सगळ्या रात्रीच्या. आग लागली की एकतर वायरिंग जळून लाइट जाते, नाहीतर कुणीतरी शहाणपणाने मेन स्विच पाडतो. म्हणजे अंधार ठरलेलाच. कमला मिलमध्ये चौदा माणसं गेली, त्यातली बरीच भाजून नव्हे, गुदमरून गेली आणि स्वच्छतागृहात सापडली. बाहेरची वाट कुठली, हे त्या क्षणी दिसणं किती मोलाचं असतं ते यावरून समजावं.

उल्हासनगरला तर मे २०२१ विसरता येणार नाही. पंधरवड्याच्या आत मोहिनी पॅलेस आणि साई शक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साई शक्तीत रात्रीच्या वेळी सात जण गेले. तेव्हापासून ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ हा शब्द आमच्याकडे भाजीवाल्यालाही ठाऊक झाला. खांब-तुळया तपासणं आपण शिकलो, चांगलं झालं. पण स्लॅब पडल्यावर उरलेले मजले रिकामे करायचे तेही जिन्यानेच ना? त्या जिन्यातल्या दिव्याची तपासणी कुठल्याच सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मला दिसत नाही. लिफ्टचं मेंटेनन्स, पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं, गणपतीची वर्गणी, एवढ्यात सभा उरकते.

कमिटीच्या कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर येतं: “अहो, चालू आहे ना! हिरवा दिसतोय.”

तो हिरवा किंवा लाल ठिपका फक्त एवढंच सांगतो, की डब्यापर्यंत करंट येतोय. आतली बॅटरी जिवंत आहे की मेली, हे तो सांगत नाही. आपल्या जिन्यांत सर्रास दिसणारा दिवा म्हणजे भिंतीवरचा पांढरा, आता पिवळा पडलेला प्लास्टिकचा डबा, वर दोन गोल डोळे, खाली एक लहानसं टेस्टचं बटण. उघडलात तर आत विटेच्या तुकड्याएवढी काळी बॅटरी असते, बहुधा ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवर, सीलबंद लेड-अ‍ॅसिडची. पाच-सहा वर्षं जुनी असेल तर तिचं पोट फुगलेलं दिसेल आणि टर्मिनलवर पांढरट भुकटी साचलेली असेल. अशा बॅटरीचा दिवाही बटण दाबलं की झगझगीत पेटतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी दोन मिनिटं. बघणाऱ्याचं समाधान होतं आणि तो खाली उतरतो. पाचव्या मिनिटाला दिवा विझलेला असतो, तेव्हा तिथे कुणी नसतं.

म्हणून दिवा पेटतो का हे बघून भागत नाही, तो किती वेळ पेटून राहतो ते बघावं लागतं. राष्ट्रीय इमारत संहितेने ही मुदत किमान दीड तास ठेवली आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमातही तोच आकडा आहे: महिन्यातून एकदा तीस सेकंदांची चाचणी आणि वर्षातून एकदा सलग नव्वद मिनिटांची. हिशेब करून बघा. साडेचार अँपिअर-अवरची नवी बॅटरी म्हणजे सत्तावीस वॉट-अवर. त्यावर पाच वॉटचा एलईडी कागदावर पाच तासांहून जास्त चालतो, प्रत्यक्षात थोडा कमी धरा. म्हणजे नवा दिवा ही परीक्षा हसत पास होतो. जो अर्ध्या तासात मान टाकतो त्याची बॅटरी संपली असं समजा, तिच्याशी चर्चा करू नका.

आमच्याकडे बॅटऱ्या लवकर का संपतात, तर उष्णता. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पलीकडे जातो. गच्चीच्या स्लॅबखाली, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या शेवटच्या मजल्यावरचा दिवा सगळ्यात आधी जातो तो यामुळे. तपासणी तळमजल्यापासून सुरू करून तिसऱ्या मजल्यावर दमून थांबण्याची पद्धत आहे. ती उलटी करा, वरून खाली या.

आता वायरिंगकडे वळतो. चांगल्या बॅटरीचेही बारा वाजतात ते इथे.

पहिली चूक: इमर्जन्सी लाइट जिन्यातल्या ट्यूबच्याच बटणावर जोडलेला असतो. वॉचमन रोज सकाळी सहाला जिन्याचे दिवे बंद करतो. इमर्जन्सी लाइटला वाटतं लाइट गेली, तो पेटतो आणि दिवसाढवळ्या जळून जळून रिकामा होतो. संध्याकाळी पुन्हा चार्जिंग. असं रोज झालं तर बॅटरी काही महिन्यांत खलास, आणि सभेत ठपका दुकानदारावर: “माल डुप्लिकेट दिला.” एखाद्या दुपारी तुमच्या जिन्यातला इमर्जन्सी लाइट विनाकारण पेटलेला किंवा मिणमिणताना दिसला तर वायरमनला हेच सांगा. दिव्याला बटणाच्या आधीचा, कायम चालू राहणारा करंट हवा.

दुसरी चूक याच्या उलट. दिवा लिफ्टच्या किंवा पंपाच्या लाइनवरून, जवळची वायर मिळाली म्हणून जोडलेला असतो. आमच्या भागात अख्खी लाइट जाते तशी नुसती एक फेज जाण्याचे प्रसंगही काही कमी नाहीत. जिन्याच्या ट्यूब ज्या फेजवर आहेत ती गेली, आणि इमर्जन्सी लाइटची फेज शाबूत राहिली, तर जिन्यात मिट्ट काळोख आणि भिंतीवर हिरवा ठिपका ऐटीत चालू. नियम साधा आहे: ज्या लाइनवरचा दिवा जाईल, त्याच लाइनवर त्याचा बदली दिवा हवा.

तिसरी गोष्ट अलीकडची, ‘इन्व्हर्टर बल्ब’. स्वस्त, नेहमीच्या होल्डरमध्ये बसणारा, लाइट गेली की आपोआप चालू राहणारा. दुकानदार तळहातावर धरून पेटवून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश. घरात तो उत्तम आहे. जिन्यात लावण्याआधी त्याची एक खोड समजून घ्या. लाइट गेलीय की कुणी बटण बंद केलंय, हे हा बल्ब बाहेरच्या वायरिंगवरून ओळखतो. त्याच लाइनवर इतर उपकरणं जोडलेली असतील तर त्यांच्यातून सर्किट पूर्ण होतं आणि तो पेटतो. पण जिन्याच्या लाइनचा एमसीबी पडला आणि त्या लाइनवर दुसरं काही नसलं, तर बल्बची समजूत होते की बटणच बंद केलंय. तो गप्प बसतो. आख्ख्या इमारतीची लाइट गेल्यावर इमानेइतबारे पेटणारे हे बल्ब शॉर्टसर्किटने एमसीबी पडल्यावर दगा देतात ते असे. म्हणून “परवा लाइट गेली तेव्हा पेटला होता” ही चाचणी धरू नका. जिन्याचा एमसीबी पाडून बघा.

चौथी चूक मोठ्या सोसायट्यांची. सगळ्या जिन्याला मिळून एकच इन्व्हर्टर, आणि तो कुठे? मीटर रूममध्ये. शॉर्टसर्किटची आग पुष्कळदा मीटर रूममध्येच लागते. मग मेन वायरिंग आणि दिव्यांची बॅटरी एकाच खोलीत जळणार. शिवाय वालधुनी नदीकाठी राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवत असेलच. तळमजल्यावर कमरेएवढं पाणी आलं की जमिनीवर ठेवलेल्या बॅटऱ्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली तळघरात बॉम्बस्फोट झाला, तेव्हा वीज गेलीच, आणीबाणीचे जनरेटरही फार वेळ तगले नाहीत. हजारो माणसं धुराने भरलेले काळेकुट्ट जिने चाचपडत तासन्‌तास उतरत राहिली. त्यानंतर तिथे जिन्यात बॅटरीचे स्वतंत्र दिवे लावले आणि पायऱ्या, कठडे, दारं यांवर अंधारात चमकणारा रंग दिला. २००१ च्या हल्ल्यात जे वाचले, त्यांपैकी अनेकांना उतरताना त्याचा उपयोग झाला, आणि पुढे न्यूयॉर्क शहराने उंच कार्यालयीन इमारतींना अशा पट्ट्यांची सक्तीच केली. आपल्याला इतकी मोठी कामं नकोत. मजल्यागणिक स्वतःची बॅटरी असलेला एक दिवा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला चमकणारी पट्टी, एवढं पुरे. पट्टी खाली असते म्हणून ती महत्त्वाची. धूर आधी छताशी साचतो आणि वरचा दिवा झाकून टाकतो. मात्र या पट्टीला उजेड मिळाला तरच ती अंधारात चमकते. वीज वाचवायला सेन्सरच्या ट्यूब लावल्या असतील तर निदान एक मंद दिवा सतत चालू ठेवा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण वाद तिथेच सुरू होतो: हे काम कुणाचं? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ स्पष्ट सांगतो, की आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सोसायटीत ती सोसायटीवर येते. ज्या इमारतींना हा कायदा लागू आहे त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन ‘फॉर्म बी’ अग्निशमन विभागाकडे द्यायचा असतो. विठ्ठलवाडीत कुणी उल्हासनगर महापालिकेत मोडतं, कुणी कल्याण-डोंबिवलीत. अंबरनाथ आणि बदलापूरला नगरपालिका. कार्यालय वेगळं असलं तरी कायदा एकच आहे. एजन्सीचा माणूस येतो तेव्हा कमिटीतला एक जण त्याच्याबरोबर प्रत्येक मजला फिरला पाहिजे. खाली खुर्चीत बसून चहा पाजून सही-शिक्क्याचा कागद घेतला, तर तो कागद फाइलमध्ये राहील, दिवा जिन्यात विझेल.

कायदा लागू नसलेल्या तीन-चार मजली इमारतींनी, उल्हासनगरच्या जुन्या बॅरेकींच्या जागी उभ्या राहिलेल्या चिंचोळ्या बिल्डिंगांनी आणि चाळींनी सुटलो म्हणू नये. त्यांचे जिने जास्त अरुंद आणि जास्त अंधारे आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. बिनखिडकीच्या जिन्याला त्या उन्हाचा काय उपयोग?

आता प्रत्यक्ष करायचं काय ते सांगतो. महिन्यातली एक तारीख ठरवा, मेंटेनन्सची बिलं वाटता तीच ठेवलीत तर लक्षात राहील. त्या संध्याकाळी वॉचमनने किंवा कमिटीतल्या एकाने वरून खाली येत प्रत्येक दिव्याचं टेस्टचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. फडक्याने काच पुसायची. वहीत मजला, तारीख आणि ‘पेटला’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. दहा मिनिटांत काम संपतं.

नव्वद मिनिटांची मोठी चाचणी वर्षातून दोनदा करा: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि जूनअखेर, म्हणजे ‘फॉर्म बी’च्या आधी आणि पाऊस ऐन भरात येण्यापूर्वी. नोटीस बोर्डावर दोन दिवस आधी लिहा, नाहीतर फोन येत राहतील. अंधार पडल्यावर सुरू करा. जिन्याच्या लाइनचा एमसीबी वायरमनलाच पाडू द्या, हौशी माणसाने पॅनेलमध्ये हात घालू नये. घड्याळ लावा. दर वीस मिनिटांनी एक फेरी. जो दिवा विझेल त्याच्या नावासमोर वेळ टाका. त्या वेळात ज्येष्ठांनी जिना वापरू नये हे आधीच सांगा, आणि टॉर्च घेऊन एक माणूस जिन्यात ठेवा.

एक महत्त्वाची सूचना, कारण उत्साहात ती राहून जाते. सगळ्या मजल्यांची चाचणी एकाच रात्री करू नका. नव्वद मिनिटं जळलेल्या बॅटऱ्या पुन्हा भरायला पुरा दिवसही लागू शकतो, आणि त्या रात्री खरंच काही झालं तर आख्खा जिना रिकाम्या बॅटऱ्यांवर. एका दिवशी सम मजले, दोन-तीन दिवसांनी विषम. आणि आभाळ भरून आलंय, वारं सुटलंय, अशा संध्याकाळी तर मुळीच नको.

चाचणीच्या दिवशी मुलांना बरोबर घ्या. आमच्याकडच्या मोठ्यांना दिव्याचं सोयरसुतक नसलं तरी पोरांना वही आणि घड्याळ दिलं की ती चोख हिशेब ठेवतात, आणि “काका, चौथ्या मजल्याचा बावीस मिनिटांतच गेला” हे सभेत ओरडून सांगायला लाजत नाहीत. त्याच फेरीत बाहेरच्या दाराला कुलूप आहे का, जिन्यात जुने पलंग, सायकली, कुंड्या आहेत का हेही दिसतं. लिफ्टमध्ये लाइट गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा असेल, तर तिचीही बॅटरी अशीच विस्मृतीत गेलेली असते. लिफ्टवाल्याला तीही दाखवायला सांगा.

दुकानदार, कारखानदार आणि क्लासवाल्यांना वेगळं सांगतो. उल्हासनगरच्या गजानन मार्केटसारख्या दाटीच्या बाजारात गिऱ्हाईक नवखं असतं, त्याला तुमचा मागचा दरवाजा ठाऊक नसतो. जीन्स शिवण्याच्या वर्कशॉपमध्ये कापडाचे ढीग आणि एकच जिना. वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये चाळीस पोरं आणि एकच जिना. नर्सिंग होममध्ये तर उठता न येणारी माणसं. इथे निदान तीन ठिकाणी दिवा हवा: जिन्याच्या तोंडाशी, वाट जिथे वळते तिथे आणि बाहेरच्या दारावर. फायर एक्स्टिंग्विशर टांगलाय तिथेही उजेड पडला पाहिजे, नाहीतर तो अंधारात शोधणार कोण? आणि शटर पाडताना मेन बंद करून जाण्याची सवय असेल, तर इमर्जन्सी लाइट त्या मेनच्या आधी जोडून घ्या. नाहीतर रोज रात्री तो रिकाम्या दुकानात जळून सकाळी मोकळा होतो.

खर्चाचं रडगाणं सभेत होईलच. बॅटरी बदलायला दिव्यामागे काही शे रुपये लागतात, आणि सगळ्या एकदम बदलाव्या लागत नाहीत. नवी बॅटरी बसवताना तिच्या अंगावर मार्करने महिना आणि वर्ष लिहा. तीन-चार वर्षं झाली की चाचणीत पास झाली तरी तिच्यावर डोळा ठेवा. मापाची बॅटरी नाही म्हणून दुसरीच दडपून बसवणारा वायरमन असेल, तर त्याला परत पाठवा; व्होल्टेज चुकलं तर चार्जरही जातो आणि बॅटरीही.

काढलेल्या जुन्या बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, मीटर रूमच्या कोपऱ्यात रचूनही ठेवू नका. आत शिसं आणि आम्ल असतं. भंगारवाला त्या फोडून आम्ल गटारात ओततो आणि ते वालधुनीत जातं, तिथे आधीच काय कमी वाहतंय? नवी बॅटरी घेता त्याच दुकानात जुनी द्या. शिशाला भाव असतो, दुकानदार बिलातून पैसे कापून देतो. न मागता देईलच असं नाही, तेव्हा मागून घ्या आणि वहीत जमा करा.